एक पान जास्तीचं

जपानच्या क्यूशू बेटावर, ओइता प्रांतात, अजिमु नावाचं द्राक्षांचं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाला आलेल्या माणसाला संध्याकाळी स्वयंपाकघरात बोलावतात आणि कामाला लावतात. कुणी मुळा किसतं, कुणी शेतातून नुकतीच काढून आणलेली वांगी चिरतं, कुणी भाताचे गोळे वळतं. पाहुण्यांना ही यजमानांची आपुलकी वाटते आणि ती असतेच. पण तिच्या मुळाशी कायद्याची एक गोष्ट आहे. 1996 मध्ये इथल्या काही शेतकरी कुटुंबांनी शहरातल्या लोकांना आपल्या राहत्या घरात ठेवून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा जपानी कायद्यात अशा घराला जागाच नव्हती. पैसे घेऊन माणूस ठेवला की लॉजचा परवाना हवा, त्यासाठी खोल्यांचं किमान क्षेत्रफळ हवं. ताट वाढलं की खानावळीचा परवाना हवा, त्यासाठी वेगळं स्वयंपाकघर हवं. अजिमुकरांनी मग मंडळ काढलं, येणाऱ्यांना सभासद करून घेतलं आणि आपल्याच सभासदांना घरी बोलावू लागले. 2002 मध्ये प्रांताच्या सरकारनं नियम सैल केले. यजमान आणि पाहुणा मिळून रांधत असतील तर ती खानावळ धरायची नाही, असं ठरलं. पुढच्याच वर्षी 33 चौरस मीटरची क्षेत्रफळाची अटही शेतकऱ्यांच्या घरांपुरती देशभर उठवली गेली.

या मंडळानं सभासदांसाठी कार्डं काढली. एकदा राहून गेलेला माणूस लांबचा नातेवाईक आणि दहा वेळा राहिलेला सख्खा, असा त्यांचा हिशेब आहे. पुढे अजिमु हे जवळच्या उसा शहरात विलीन झालं, पण शेतघरातल्या मुक्कामाची त्यांची पद्धत जपानभर पसरली. आज परदेशांतून सांस्कृतिक आदानप्रदानासाठी येणाऱ्या मुलामुलींच्या तुकड्या टोकिओतली भाषणं आणि कारखान्यांच्या भेटी उरकून खेड्यात पोचतात, तेव्हा त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला अशीच घरं येतात.

या तुकड्यांमागे सरकारी इच्छा मोठी आहे. जानेवारी 2007 मध्ये फिलिपिन्समधल्या सेबू इथं दुसरी पूर्व आशिया शिखर परिषद झाली. तिथं जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी दरवर्षी सुमारे 6 हजार तरुणांना पाच वर्षं जपानला बोलावण्याची योजना मांडली आणि तिच्यासाठी 35 अब्ज येन बाजूला काढले. योजनेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'जेनेसिस' म्हणू लागले. परिषदेत भारतही असल्यामुळे भारतीय विद्यार्थ्यांना पहिल्यापासून त्यात जागा मिळाली. मुदत संपल्यावर 2013 मध्ये योजना नव्यानं सुरू झाली आणि वेगवेगळ्या रूपांत पुढे चालत राहिली.

कार्यक्रम साधारण आठ-दहा दिवसांचा असतो. टोकिओत माहितीसत्र, एखाद्या मंत्रालयातलं व्याख्यान, तंत्रज्ञानाचं एखादं केंद्र. मग तुकडी प्रांतात जाते, तिथल्या शाळेत किंवा विद्यापीठात एक दिवस काढते. शेवटी सगळ्यांनी आपापल्या देशात परतल्यावर काय करणार याचा आराखडा सादर करायचा असतो. या सगळ्याच्या मध्ये एक किंवा दोन रात्रींचा घरातला मुक्काम. वेळापत्रकात त्याची ओळ एवढीशी असते, कारण त्या वेळात आयोजकांच्या हाती काहीच नसतं. पण सहभागी मुलांची परतल्यानंतरची मनोगतं वाचली तर त्यांत सर्वांत जास्त जागा याच दोन रात्रींनी घेतलेली दिसते. मंत्रालयातलं व्याख्यान आठवावं लागतं. आजोबांनी भाताच्या रोपांच्या ओळीत कसं उभं केलं, ते आपोआप लिहिलं जातं.

यजमान आणि पाहुण्यांची गाठ बहुतेक वेळा गावाच्या समाजमंदिरात पडते. एका बाजूला बॅगा घेऊन मुलं, दुसऱ्या बाजूला हातानं रंगवलेले नावांचे फलक घेऊन कुटुंबं. नावं पुकारली जातात, वाकून नमस्कार होतात आणि दोघं-चौघं जण एकेका गाडीत बसून निघून जातात. त्याआधी बरंच कागदी काम झालेलं असतं. मुलांनी अर्जात काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे, कुत्र्यामांजरांची भीती आहे का, हे लिहिलेलं असतं. घरांनी किती माणसं, किती वयाची, कुणी धूम्रपान करतं का, हे कळवलेलं असतं. बहुतेक यजमानांना इंग्रजी येत नाही, बहुतेक मुलांना जपानी. फोनवरचं भाषांतराचं ॲप आल्यापासून अडचण कमी झाली आहे. त्याबरोबर हातवारे करून, चित्रं काढून, वस्तू दाखवून बोलण्यातली मजाही थोडी कमी झाली आहे.

घराचा दरवाजा उघडला की आत लगेच एक खोलगट जागा लागते. तिथं बूट काढायचे, पायरी चढून वर यायचं आणि वळून बुटांची टोकं दाराकडे करून ठेवायची. मराठी मुलांना चपला बाहेर काढायची सवय असते, म्हणून ही पायरी सोपी जाते. पुढचे नियम मात्र शिकावे लागतात. घरात घालायच्या सपाता वेगळ्या, संडासातल्या वेगळ्या, आणि तातामीच्या म्हणजे जाड विणलेल्या चटईच्या खोलीत कुठल्याच चालत नाहीत. संडासातल्या सपाता घालून जेवणाच्या खोलीत येण्याचा प्रकार एकदा तरी प्रत्येकाकडून होतो. यजमान त्यावर खळखळून हसतात, आणि बहुतेक घरांत पहिला मोकळा संवाद तिथूनच सुरू होतो.

आंघोळीचं तंत्र याहून अवघड आहे. टबाबाहेर छोट्या स्टुलावर बसून अंग साबणानं स्वच्छ धुवायचं, पाणी ओतून फेस पूर्ण काढायचा आणि मगच चाळीस अंशांच्या वरच्या कढत पाण्यात मानेपर्यंत शिरायचं. टबातलं पाणी घरातल्या सगळ्यांसाठी एकच. म्हणून बाहेर येताना बूच काढायचं नाही, झाकण घालून ठेवायचं. सगळ्यात आधी आंघोळ करण्याचा मान पाहुण्याला देतात. दुसऱ्या दिवशी तेच उरलेलं पाणी नळीनं धुण्याच्या यंत्रात ओढून कपडे धुणारी घरंही पुष्कळ आहेत. पाणी, गॅस आणि वेळ यांचा असा काटेकोर हिशेब कुठल्याही माहितीसत्रात शिकवता येत नाही. कचऱ्याचंही तसंच. जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे, कागद हे सगळं वेगळं करून ठरल्या वारी ठरल्या जागी नेऊन ठेवायचं. शिकोकूतल्या कामिकात्सु गावानं तर ही वर्गवारी 45 प्रकारांपर्यंत नेली. जपानच्या स्वच्छतेचं कौतुक करत आलेल्या मुलाला सकाळी आठच्या आत दह्याचा डबा धुऊन, वरचा कागद सोलून वेगळा टाकायला लावला, की ती स्वच्छता कुणाच्या श्रमावर उभी आहे ते त्याला कळतं.

जुन्या घरांमध्ये आणखी एक जागा असते. तातामीच्या खोलीत लाकडी देव्हाऱ्यासारखं कपाट, आत बुद्धमूर्ती किंवा पूर्वजांच्या नावांच्या पाट्या, वरच्या भिंतीवर आजोबा-पणजोबांचे फोटो. सकाळी भात शिजला की पहिली छोटी वाटी तिथं जाते, उदबत्ती लागते, घंटेचा टोल पडतो. भारतातल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. यजमान आजी अनेकदा पाहुण्यांनाही उदबत्ती लावायला सांगते, कारण घरात नवं माणूस आलं हे वरच्यांना कळायला हवं. ऑगस्टच्या मध्यावर ओबोनच्या दिवसांत पूर्वज घरी येतात असं मानतात. अनेक भागांत तेव्हा काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. पूर्वजांनी येताना घोड्यावरून लवकर यावं, जाताना गायीवरून रमतगमत जावं. पितृपंधरवडा पाहिलेल्या मराठी मुलीला त्या वांग्याच्या गायीपाशी जपान जितकं जवळचं वाटेल, तितकं बुलेट ट्रेनमध्ये वाटणार नाही.

भारतीय पाहुण्यांच्या बाबतीत यजमानांची खरी परीक्षा स्वयंपाकघरात असते. 'शाकाहारी' असं अर्जात लिहिलेलं असतं, आणि यजमानीण मांस-मासे वगळून भाज्या, टोफू, मिसो सूप असा बेत मनापासून करते. अडचण दिसत नाही अशा ठिकाणी असते. सुपाचं, उकडलेल्या भाज्यांचं, नूडल्सच्या रश्श्याचं मूळ पाणी म्हणजे 'दाशी', आणि ते बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांपासून काढतात. जपानी गृहिणीच्या दृष्टीनं त्यात मासा 'खाल्ला' जात नाही, फक्त पाणी काढलं जातं. तयार करी-राइस हा मुलांचा लाडका पदार्थ, म्हणून भारतीय पाहुण्यांसाठी तो हौसेनं केला जातो. पण बाजारातल्या करीच्या अनेक वड्यांमध्ये जनावरांची चरबी असते. कांदा-लसूण न खाणारी जैन मुलगी आली तर काम आणखी अवघड.

तरीही यजमान हार मानत नाहीत. कोम्बु या समुद्री वनस्पतीची दाशी जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं 1908 मध्ये 'उमामी' ही चव शोधली, तीही कोम्बुच्याच पाण्यातून. वाळवलेल्या शिताके अळंब्यांचं पाणीही चालतं. बौद्ध मठांमधली 'शोजिन र्योरी' ही पूर्ण शाकाहारी पाककला तर शतकानुशतकं जुनी. तिच्यात कांदा-लसूणही वर्ज्य. म्हणजे जैन मुलीसाठी लागणारा स्वयंपाक जपानकडे आहे, फक्त तो रोजच्या ओट्यावरून मठांत गेलेला. एखाद्या यजमानीणबाईला पाहुणीमुळे आपल्या आजीची कोम्बुची दाशी पुन्हा आठवावी लागते, तेव्हा त्या आदानप्रदानात देणारं कोण आणि घेणारं कोण, हे ठरवणं कठीण जातं.

करीचा विषय निघाला की जपानी घरानं सांभाळलेल्या एका भारतीय तरुणाची गोष्ट सांगायलाच हवी. ब्रिटिशांच्या हातून निसटून क्रांतिकारक रासबिहारी बोस 1915 मध्ये जपानला पोचले. ब्रिटनच्या दबावाखाली जपान सरकारनं त्यांना देश सोडायचा हुकूम दिला, तेव्हा टोकिओच्या शिंजुकु भागातल्या 'नाकामुराया' या बेकरीच्या मालकांनी, आइझो आणि कोक्को सोमा या दांपत्यानं, त्यांना आपल्या दुकानामागच्या चित्रकाराच्या खोलीत काही महिने लपवून ठेवलं. परक्या देशाचा, पोलिसांना हवा असलेला माणूस घरात ठेवायचा म्हणजे नोकरचाकरांसह सगळ्या कुटुंबानं तोंड मिटून राहायचं. सोमा कुटुंबानं ते केलं. पुढे 1918 मध्ये त्यांची थोरली मुलगी तोशिको हिचं बोसांशी लग्न झालं. ती 1925 मध्ये अकाली गेली. 1927 मध्ये नाकामुरायानं उपाहारगृह सुरू केलं, त्यात जावयाच्या सांगण्यावरून खरी भारतीय पद्धतीची करी ठेवली, आणि ती तिथं आजही मिळते. इंग्रजांच्या आरमारामार्फत आलेली पिठाळ करी जपान तोवर खात होताच. घरात राहिलेल्या माणसानं त्याला मूळ चव दाखवली.

आजचे यजमान कोण असतात? टोकिओतल्या तरुण जोडप्यांकडे जागा नसते आणि वेळ तर नसतोच. दार उघडतं ते बहुतेक वेळा खेड्यात किंवा छोट्या शहरात, मुलं शिकून बाहेर पडलेल्या, साठी-सत्तरीच्या घरात. जपानची लोकसंख्या 2008च्या सुमारास शिखर गाठून उतरणीला लागली. 2024 मध्ये जन्मलेली बाळं पहिल्यांदाच सात लाखांच्या खाली आली. 65 वर्षांवरची माणसं एकूण लोकसंख्येच्या 29 टक्क्यांच्या आसपास आहेत, आणि 2023च्या पाहणीत सुमारे 90 लाख घरं रिकामी आढळली. गावची शाळा बंद झाली की समाजमंदिरात मुलांचा आवाज वर्षातून जेवढ्या वेळा होतो, त्यातला एक प्रसंग म्हणजे परदेशी मुलांचं स्वागत. शेतघरातल्या मुक्कामाचे थोडे पैसे मिळतात, पण त्यासाठी सत्तरीतली बाई पहाटे उठून चार जणांचे डबे भरणार नाही. वरच्या मजल्यावर मुलांच्या खोल्या तशाच आहेत, गाद्या उन्हाला घालायला निमित्त हवं आहे, आणि जेवायला दोघांऐवजी सहा माणसं बसावीत असं वाटतं आहे. ही गरज खरी आहे, तिचा संकोच वाटण्याचं कारण नाही.

काळजीची बाब हीच, की ही घरं म्हातारी होत आहेत. अजिमुमध्ये ज्यांनी सुरुवात केली ते आता ऐंशीकडे झुकले. 'पाय दुखतात, आता जमत नाही' म्हणून नाव काढून घेणाऱ्या घरांच्या जागी नवी घरं सहज मिळत नाहीत. सरकारी कागदावर तरुणांचा आकडा वाढवता येतो. त्यांना 'आलात का, आधी आंघोळ करून घ्या' म्हणणारी आजी खात्यातून मंजूर करून आणता येत नाही.

दोन रात्रींचा मुक्काम गोड होणारच. ओळख संपायच्या आत निरोपाची वेळ येते, सगळे रडतात, फोटो निघतात. खरी कसोटी लागते ती दहा महिन्यांच्या मुक्कामात. हे काम जगभर करणाऱ्या संस्थांमध्ये 'एएफएस'चं नाव मोठं. पहिल्या महायुद्धात जखमींची ने-आण करणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची ही संघटना. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी तेच काम केलं आणि युद्ध संपल्यावर, पुन्हा गाड्या चालवायची वेळ येऊ नये म्हणून, शाळकरी मुलांना एकमेकांच्या देशांतल्या घरांत पाठवायला सुरुवात केली. जपानी मुलांची पहिली तुकडी 1954 मध्ये अमेरिकेला गेली. नऊ वर्षांपूर्वी जे देश एकमेकांशी लढत होते, त्यांतल्या एकाची मुलं दुसऱ्याच्या घरात झोपली. एएफएसच्या पद्धतीत यजमान कुटुंबाला मोबदला मिळत नाही. मुलगा किंवा मुलगी घरचीच समजायची आणि आपल्या पंगतीत एक पान जास्तीचं मांडायचं.

2018 मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयानं याच पद्धतीवर 'आशिया काकेहाशी' प्रकल्प सुरू केला. पाच वर्षांत आशियातल्या 20 देशांतले 1,000 शाळकरी विद्यार्थी आणायचे, जपानी शाळांमध्ये घालायचे आणि जमेल तिथं जपानी घरांत ठेवायचे, असा त्याचा बेत होता. त्यात भारतीय मुलंही गेली. मध्येच 2020 साली करोनानं सगळं थांबवलं. जगभरची एएफएसची मुलं यजमान घरांतून घाईघाईनं परत पाठवावी लागली.

दहा महिन्यांच्या मुक्कामात पाहुणेपण दोन आठवड्यांत संपतं. मग सायकलवरून शाळेत जायचं, वर्गाबाहेर बूट बदलायचे, दुपारनंतर फडकं घेऊन वर्ग आणि जिने पुसायचे, सुटल्यावर क्लबमध्ये बेसबॉल किंवा ब्रास बँडचा सराव. परत यायला अंधार होतो. कोकण-देशावरून गेलेल्या मुलांना डिसेंबरातल्या जपानी घराचा गारठा सहन होत नाही. जुन्या घरांत सगळीकडे ऊब नसते. पाय कोतात्सूच्या म्हणजे खाली हीटर असलेल्या, दुलई टाकलेल्या टेबलात खुपसून बसायचं, आणि संडासला जायचं तर थंडगार बोळातून. अशा दिवसांत घरची आठवण सर्वांत जास्त येते.

आणि कुरबुरी होतात. मराठी घरात आई रागावली की शेजाऱ्यांनाही कळतं. जपानी यजमानीण रागावलेली कळतच नाही. रात्री अकराला फोनवर मोठ्यानं बोलणं, आंघोळीची पाळी चुकवणं, उशीर होणार असेल तर न कळवणं यांवर कुणी लगेच बोलत नाही. सगळं साठत जातं आणि तिसऱ्या महिन्यात एकदम संस्थेच्या स्थानिक स्वयंसेवकाचा फोन येतो. मुलांना तो धक्का वाटतो, कारण कालच तर सगळे हसत जेवले होते. अशा वेळी दोन्ही बाजूंशी बोलणारा हा स्वयंसेवक फार मोलाचा. तोही बिनपगारी, बऱ्याचदा स्वतः कधीकाळी परदेशात दुसऱ्याच्या घरी राहून आलेला. कधी घर बदलावं लागतं. ते अपयश म्हणून लपवण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं, कारण मुलांना जगायला शिकवणारा भाग हाच असतो: घरातलं न बोललेलं ओळखायचं, आणि आपल्या मनातलं न भांडता सांगायचं.

घरात घेतलेल्या परक्या मुलासाठी यजमानाला स्वतःच्या समाजात किंमतही मोजावी लागते. जपानी माणसाला याचं उदाहरण विचारलं तर तो मांजिरोचं नाव घेतो. तोसा भागातला हा कोळ्याचा पोर 1841 मध्ये, चौदाव्या वर्षी, वादळात भरकटून चार साथीदारांसह एका निर्जन बेटाला लागला. 'जॉन हाउलंड' या अमेरिकन व्हेलमारू जहाजाच्या कप्तानानं, विल्यम व्हिटफील्डनं, त्यांना वाचवलं. मांजिरोला त्यानं 1843 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवन या आपल्या गावी नेलं, घरी ठेवलं, शाळेत घातलं. रविवारी चर्चमध्ये मात्र हा मुलगा कुटुंबाच्या बाकावर बसू शकणार नाही, असं चालकांनी सांगितलं. कप्तानानं चर्च बदललं. युनिटेरियन पंथाच्या चर्चनं मुलाला बाकावर जागा दिली, तिथं सगळं कुटुंब जाऊ लागलं.

मांजिरो 1851 मध्ये जपानला परतला. परदेशात गेलेल्याला तेव्हा तिथं देहदंडाची भीती होती. पण दोनच वर्षांनी अमेरिकन जहाजं दारात आली आणि इंग्रजी जाणणारा हा माणूस शोगुनच्या सरकाराला हवासा झाला. 1860 मध्ये अमेरिकेला गेलेल्या 'कान्रिन मारू' जहाजावर तो दुभाषा होता. व्हिटफील्ड आणि मांजिरोचं नाकाहामा या दोन घराण्यांचं जाणंयेणं पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलं. कप्तानाचं मोडकळीला आलेलं घर जपानी लोकांनी वर्गणी काढून विकत घेतलं, आणि 2009 मध्ये तिथं संग्रहालय उघडलं.

संकटाच्या काळातही हे पाहुणचाराचं नातं टिकलं. 11 मार्च 2011 रोजी ईशान्य जपानला 9.0 तीव्रतेचा भूकंप आणि मागोमाग त्सुनामी आली. 18 हजारांहून अधिक माणसं मृत किंवा बेपत्ता झाली. भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं 46 जणांचं पथक मियागी प्रांतातल्या ओनागावा गावी ढिगारे उपसायला गेलं होतं. पुढच्या वर्षी जपाननं 'किझुना' नावानं आशिया-पॅसिफिक आणि उत्तर अमेरिकेतल्या तरुणांना याच भागात बोलावलं. ज्यांचं किनाऱ्यावरचं घर उरलं नव्हतं अशा माणसांनी त्यांना आपला गाव दाखवला. आजही अनेक जपानी घरांत पहिल्याच दिवशी पाहुण्याला दारामागची आपत्कालीन पिशवी दाखवतात: पाणी, बॅटरी, रेडिओ, कोरडं खाणं. धरणी हलली तर कुठं जमायचं, हे घरच्या आजीकडून ऐकलेलं मूल विसरत नाही.

महाराष्ट्राचा आणि या विषयाचा संबंध जुना आहे आणि आता वाढतो आहे. पुणं हे देशातल्या जपानी भाषेच्या मोठ्या केंद्रांपैकी एक. रानडे इन्स्टिट्यूटपासून टिळक महाराष्ट्र विद्यापीठापर्यंत अनेक ठिकाणी वर्ग चालतात, दरवर्षी जपानी भाषेच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेला इथून मोठ्या संख्येनं मुलं बसतात. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हे ओकायामा शहरातल्या कोराकुएन या सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या बागेच्या धर्तीवर, पुणे-ओकायामा मैत्रीची खूण म्हणून उभं राहिलं. मुंबई आणि योकोहामा 1965 पासून भगिनी शहरं आहेत. वाकायामा प्रांताशी राज्य सरकारचा 2013 पासून करार आहे. तिथल्या कोयासान विद्यापीठात 2015 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला गेला. विद्यार्थी म्हणून जपानला गेलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये टोकिओच्या एदोगावा भागाच्या सभागृहावर निवडून आले. जपानमध्ये निवडून आलेले ते पहिले भारतीय वंशाचे लोकप्रतिनिधी. पुढे ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले.

ऑगस्ट 2025 मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी टोकिओत जाहीर केलं, की पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून पाच लाखांहून अधिक माणसांची ये-जा व्हावी. त्यांत 50 हजार कुशल भारतीय जपानला जावेत. आकडा मोठा आहे आणि आजची स्थिती पाहता धाडसाचाही. 2023 मध्ये जपानमध्ये सुमारे 2 लाख 79 हजार परदेशी विद्यार्थी होते; त्यांत नेपाळचे जवळपास 38 हजार, भारताचे दोन हजारांच्या आत. जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण नोकरीला जातील, कंपनीच्या वसतिगृहात राहतील, कामावरून खोलीवर आणि खोलीवरून कामावर. जपानी घराचं दार त्यांच्यातल्या कितीजणांना उघडं दिसेल, याचा विचार त्या घोषणेबरोबरच व्हायला हवा. ज्या समाजात शेजारी राहूनही वर्षभर ओळख होत नाही, तिथं एखाद्या घरी जाण्यायेण्याची सोय झालेला माणूस वेगळा टिकतो. आजारपणात कुठल्या दवाखान्यात जायचं, घरमालकाच्या चिठ्ठीचा अर्थ काय, हे विचारायला त्याच्याकडे कुणीतरी असतं.

उलट दिशेचा प्रवास तर अजून फारच थोडा आहे. एएफएससारख्या संस्थांमार्फत परदेशी मुलं भारतीय घरांतही येतात, त्यांत जपानीही असतात. मराठी घर त्यांचं करतं ते मनापासून, पण आपल्या पद्धतीनं. पाहुण्यानं ताट उचललं की दोघं जण धावतात, भांडी घासायला निघाला की आजी रागावते, 'आणखी एक पोळी' थांबत नाही. दहा महिने राहायला आलेली सोळा वर्षांची जपानी मुलगी या प्रेमानं गुदमरते. घरी असताना ती आपला डबा आपण धुणारी, वर्ग पुसणारी. इथं तिला काहीच करू देत नाहीत, म्हणजे आपल्याला अजून घरातलं धरलेलं नाही, असं तिला वाटत राहतं. म्हणून यजमानांनी मुलीला पहिल्या आठवड्यातच एखादं काम वाटून द्यावं. कुंड्यांना पाणी, संध्याकाळची पानं मांडणं, शेंगा निवडणं, काहीही. दिवाळीत तर प्रश्नच नाही, चकल्यांचा सोऱ्या फिरवायला हातच कमी पडतात.

पुण्यात अशी घरं शोधायला फार लांब जावं लागणार नाही. जपानी शिकलेली, शिकवणारी, भाषांतर करणारी माणसं इथं गल्लोगल्ली आहेत. म्हणजे जिथं घरातलं एक तरी माणूस जपानीत 'पोट दुखतंय का?' विचारू शकेल अशी घरं या शहरात आधीपासूनच आहेत. ओकायामाशी मैत्री आहे, वाकायामाशी करार आहे. त्या कागदांत शाळकरी मुलांच्या घरमुक्कामाचं एक कलम घालून, महापालिकेनं आणि भाषाशिक्षकांच्या मंडळींनी मिळून पहिल्या वर्षी वीस घरांची यादी केली, तरी सुरुवात होईल.